जांबचा नवस, औंधचा नमस्कार

हसनाबादच्या पारावर सूर्यनमस्काराचा विषय निघाला की कुणीतरी हमखास समर्थांचं नाव घेणार. आणि का घेऊ नये? जालन्याच्या एका अंगाला भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद, दुसऱ्या अंगाला घनसावंगी तालुक्यातलं जांब. रामदासस्वामींचा जन्म त्या जांबचा, शके १५३०, म्हणजे १६०८ सालचा, रामनवमीचा. आपल्याच जिल्ह्यातला माणूस रोज बाराशे नमस्कार घालायचा, ही गोष्ट इकडच्या पोरांच्या कानावर शाळेत जायच्या आधी पडलेली असते. (जालना जिल्हा झाला १९८१ साली, हा तपशील अशा वेळी कुणी काढत नाही, काढूही नये.) चार बुकं जास्त शिकलेला कुणी बसलेला असला, तर तो समर्थांच्याही मागे जातो आणि थेट वेदांवर येऊन थांबतो. त्याच्या मागे जायला मग जागाच उरत नाही.

सूर्यनमस्कार आला कुठून, याच्या या दोन्ही उत्तरांत थोडंथोडं खरं आहे. पण आज रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर पोरं रांगेत उभी राहून शिट्टीवर घालतात, तो ठरावीक स्थितींचा, ठरावीक श्वासांचा सूर्यनमस्कार ना ऋषींनी घातला, ना बहुधा समर्थांनी. त्या घडीव रूपाचं वय शंभर-सव्वाशे वर्षं. त्याच्या आधीचं सगळं आहे ते आजोळ आणि पणजोळ, आणि ते मोठं रंगतदार आहे.

सुरुवात आजारपणापासून करावी लागते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं पन्नासावं सूक्त प्रस्कण्व काण्व या ऋषीच्या नावावर आहे. सूर्याची भव्य स्तुती करता करता शेवटच्या तीन ऋचांत त्याचा सूर एकदम खाली, घरात उतरतो. उगवत्या सूर्याकडे मागणं काय, तर माझ्या हृदयाचा विकार जाऊ दे, अंगावर आलेला पिवळेपणा जाऊ दे; तो पिवळेपणा पोपटांना द्या, पाखरांना द्या, पण माझ्या अंगावरून काढा. कावीळ झालेल्या माणसाचं हे गाऱ्हाणं आहे, आणि तीन हजार वर्षांनंतरही ते ओळखू येतं. या तीन ऋचांच्या गटाला तृच म्हणतात. पुढे कर्मकांडात त्यांचाच तृचाकल्प झाला. तीन ऋचांचे चरण होतात बारा. प्रत्येक चरणाला एक बीजाक्षर आणि सूर्याचं एक नाव जोडायचं: मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सविता, अर्क, भास्कर. एक नाव, एक नमस्कार. मग दोनदोन नावं एकत्र, मग चारचार, असं जोडत एक आवर्तन चोवीस-पंचवीस नमस्कारांवर येतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या विधीत अंग कसं वाकवायचं, गुडघा कुठे ठेवायचा, श्वास कधी घ्यायचा, याला फारसं महत्त्व नव्हतं. साष्टांग घालायचा आणि उठायचं, एवढंच. महत्त्व होतं उच्चाराला आणि आकड्याला. संकल्प सोडताना आकडा बोलायचा आणि तो फेडायचा. ज्याला आजारपणामुळे किंवा कामामुळे जमत नसे, त्याच्या वतीने ब्राह्मण नमस्कार घालत आणि दक्षिणा घेत. व्यायाम म्हणून पाहिलं तर हा प्रकार हास्यास्पद वाटेल, कारण घाम एकाचा आणि आरोग्य दुसऱ्याचं! पण नवस म्हणून पाहिलं तर त्यात काहीच विसंगत नाही. पुराणांनी आरोग्याचं खातं सूर्याकडे दिलेलंच होतं. कृष्णाचा मुलगा सांब याचं कोड सूर्योपासनेनं गेलं, ही कथा कोणार्कपर्यंत पसरलेली आहे.

जांबच्या ठोसरांच्या घरात शिरल्यावर हाच नवस भेटतो. रामदासांचे वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई. परंपरा सांगते की पंतांनी वर्षानुवर्षं सूर्याची उपासना केली आणि सूर्याच्या वरानं दोन मुलगे झाले. थोरले गंगाधर आणि धाकटे नारायण, म्हणजे पुढचे रामदास. आता, सूर्याजीची बायको राणूबाई हा योगायोग असेल, नसेल. पण आपल्याकडे बायका आदित्य-राणूबाईचं व्रत करतात, रविवारी कहाणी वाचतात, त्यात राणूबाई ही सूर्याच्याच जोडीनं येते. म्हणजे जांबच्या त्या घराभोवती सूर्य पंचांगात होता, पोथीत होता आणि माजघरातही होता. मराठवाड्याचा या कुळकथेतला खरा वाटा मला इथे दिसतो. बाराशेच्या आकड्यापेक्षा तो मोलाचा आहे.

बाराशेचा आकडा मात्र जरा तपासून घ्यावा. लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेलेला नारायण नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहिला, पहाटे नमस्कार घालायचा, मग नदीत उभं राहून जप करायचा, भिक्षा मागायचा, अशी ती हकीकत. समर्थचरित्रांचा मोठा भाग त्यांच्या पश्चात, शिष्यपरंपरेत लिहिला गेला, आणि भक्ताच्या लेखणीतून आकडा कधी लहान होऊन बाहेर पडत नाही. साधा हिशेब करू. आजच्या पद्धतीनं श्वास सांभाळत एक नमस्कार घालायला वीस सेकंद धरली, तर बाराशेला सहा तास चाळीस मिनिटं लागतात. त्याच परंपरेत तेरा कोटी रामनामाचा जपही आहे, तो कधी करायचा? उलट, तालमीतल्यासारखे झपाझप, दहा सेकंदांना एक या वेगानं घातले, तर तीन तास वीस मिनिटांत आटपतात. तरणाबांड, पिळदार मुलगा, पहाटेची वेळ, तर हे माणसाच्या आवाक्यातलं आहे. म्हणजे बाराशेची गोष्ट खरी मानायची असेल, तर समर्थांचा नमस्कार आजच्यासारखा नव्हता, तो जोराच्या जवळचा होता, असंच मानावं लागेल. गावोगाव मारुती बसवणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते पटतंही.

जोर हा शब्द तालमीत गेलेल्याला समजावून सांगायला नको. इतरांसाठी: हात खांद्याएवढ्या अंतरावर जमिनीवर, पाय मागे, कंबर वर, अंगाचा उलटा व्ही. तिथून छाती खाली आणत, जमिनीला जवळजवळ घासत दोन हातांमधून पुढे काढायची, मान आणि छाती वर उचलायची, कंबर खाली. मग पुन्हा कंबर वर. झाला एक जोर. आता सूर्यनमस्काराच्या मधल्या स्थिती डोळ्यांपुढे आणा. दोन्ही पाय मागे, कंबर वर. मग कपाळ, छाती, गुडघे, चवडे टेकलेले. मग छाती वर, मान मागे. मग पुन्हा कंबर वर. सूर्यनमस्काराच्या पोटात एक अख्खा जोर आहे. पुढे-मागे जोडलंय ते उभं राहणं, वाकणं आणि एकेक पाय मागेपुढे नेणं. नवसाच्या साष्टांग नमस्काराला तालमीतल्या जोरानं कणा दिला, असं माझं मत आहे, आणि आधुनिक योगाचा इतिहास लिहिणाऱ्या काही अभ्यासकांनीही दंड-जोरांकडे बोट दाखवलेलं आहे. हे मीलन नेमकं कुठे झालं याची तारीख निघणार नाही. पण ज्या मुलखात सकाळी देवघरात साष्टांग आणि मग तालमीत दोनशे जोर असा एकाच माणसाचा दिनक्रम होता, तिथे ते झालं नसतं तरच नवल. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला, तोही याच हवेत.

मग योगाचं काय? इथेच भलेभले चकतात. पंधराव्या शतकातली हठयोगप्रदीपिका चाळा, पंधरा आसनं सापडतील. घेरंडसंहितेत बत्तीस सापडतील. सूर्यनमस्कार कुठेच नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात वज्रासन आहे, कुंडलिनीच्या जागृतीचं इतकं तपशीलवार वर्णन आहे की वाचणाऱ्याचा श्वास अडावा. पण नमस्कार नाही. नाथपंथाचा तो वारसा आपेगाव-पैठणचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्या मार्गाचा रोख अंग स्थिर करण्यावर होता, घाम काढण्यावर नव्हता. हठयोगप्रदीपिकेवर एकोणिसाव्या शतकात ब्रह्मानंदांनी ज्योत्स्ना नावाची टीका लिहिली. योग्यानं शरीराला क्लेश होतील अशा गोष्टी टाळाव्यात, या मूळ वचनाचा खुलासा करताना ब्रह्मानंद दोन उदाहरणं देतात: जड ओझी वाहणं आणि पुष्कळ सूर्यनमस्कार घालणं. म्हणजे दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा जाणकार योगी सूर्यनमस्कार ओळखत होता, लोक तो ढिगानं घालतात हेही त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं त्याला योगाच्या दाराबाहेर, हमालीच्या शेजारी बसवलं होतं! आज प्रत्येक योगवर्गाची सुरुवात याच नमस्कारानं होते.

अशी उलथापालथ आपल्याकडेच झाली असं नाही. चीनमधल्या ताओपंथी लोकांनी दीर्घायुष्यासाठी रोजच्या अंगमेहनतीचा आणि श्वासाचा जेवढा विचार केला, तेवढा फार थोड्यांनी केला असेल. १९७३ साली हुनान प्रांतातल्या चांगशा शहराजवळ मावांगदुई इथल्या एका थडग्यात रेशमावरचं एक चित्र सापडलं. थडगं इसवी सनापूर्वी १६८ सालचं. चित्रात चव्वेचाळीस माणसं आहेत, बाया आणि पुरुष, म्हातारे आणि तरुण, कुणी उघड्या अंगाचं, कुणी झग्यातलं. कुणी वाकतंय, कुणी हात ताणतंय, कुणी प्राण्यापक्ष्यांच्या नकला करतंय. दाओयिन म्हणतात त्या व्यायामाचा हा तक्ता. आपल्या शाळांत भिंतीवर सूर्यनमस्काराचा तक्ता लावतात, तसाच, फक्त दोन हजार वर्षं जुना. पुढे हुआ तुओ नावाच्या वैद्यानं वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी अशा पाच चालींचा व्यायाम बसवला, असं मानतात. हा वैद्य इसवी सन २०८ च्या सुमारास मारला गेला. त्याचा शिष्य वू पू हे व्यायाम करत राहिला आणि नव्वदीनंतरही त्याचे कान, डोळे, दात शाबूत होते, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथात आहे. शिष्याला गुरूनं सांगितलेलं मर्म असं: शरीर हलतं ठेवावं, पण टोकाला नेऊ नये; अंगाला हलका घाम आला की बस. आणि चुआंग त्झूच्या नावानं चालणाऱ्या ताओपंथी ग्रंथात, अस्वलासारखं लोंबून आणि पक्ष्यासारखं ताणून आयुष्य वाढवू पाहणाऱ्यांना चिमटा काढलेला आहे. चुआंग त्झू आणि ब्रह्मानंद यांची गाठ पडली असती तर दोघांचं जमलं असतं.

तायची या व्यायामाची कुळकथा तर आपल्या गोष्टीची जुळी बहीण वाटते. तो झांग सानफेंग नावाच्या ताओपंथी सिद्धानं डोंगरात शोधला, अशी श्रद्धा. १९३० च्या दशकात तांग हाओ या अभ्यासकानं गावोगाव फिरून, जुनी कागदपत्रं पाहून त्याचा माग हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावापर्यंत, सतराव्या शतकापर्यंत आणला. सिद्ध गेले आणि एक खेडं उरलं. मग १९५६ साली चीन सरकारनं लांबलचक तायचीची चोवीस चालींची सुटसुटीत आवृत्ती काढली, आणि आज पहाटे बागांमधून जी चालते ती बहुतेक तीच. देवाचं नाव, तालमीचं अंग आणि सरकारी छाप: रोजच्या आरोग्याचा प्रकार लोकांत रुजायला हे तिन्ही लागतात, असं दिसतं.

आपल्याकडे ती छाप मारली औंधनं.

सातारा जिल्ह्यातलं औंध हे यमाईचं ठाणं आणि पंतप्रतिनिधींचं छोटं संस्थान. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. गादीवर आले १९०९ साली. हा राजा चित्रं काढायचा, कीर्तनं करायचा. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आणि सचित्र आवृत्ती काढायची कल्पना उचलून धरून त्यानं त्यासाठी लाख रुपये देऊ केले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी माळरान दिलं तेही यानंच. किर्लोस्करवाडी ती. असा माणूस व्यायामही चिकित्सा करूनच करणार. १८९७ च्या सुमारास बाळासाहेबांनी युजेन सँडोची उपकरणं आणि पुस्तकं मागवली. सँडो हा तेव्हाचा जगातला सगळ्यात गाजलेला पिळदार पुरुष, युरोपात तिकीट लावून स्नायू दाखवणारा. मुंबईतही त्याचे खेळ झाले. दहा वर्षं औंधच्या वाड्यात सँडोचे डंबेल्स चालले. मग १९०८ च्या आगेमागे, मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या सांगण्यावरून बाळासाहेब सूर्यनमस्काराकडे वळले आणि पुन्हा मागे फिरले नाहीत.

म्हणजे आजच्या सूर्यनमस्काराच्या घडणीत एक परका पाहुणाही आहे. सँडोनं दिली ती पद्धतशीर व्यायामाची सवय: रोज ठरल्या वेळी, ठरल्या क्रमानं, आरशात पाहून, छातीचा घेर मोजून. बाळासाहेबांनी डंबेल्स बाजूला ठेवले, पण ही शिस्त ठेवली आणि ती तृचाकल्पाच्या अंगावर चढवली. त्यांच्या पद्धतीत स्थिती होत्या दहा. उभं राहून हात जोडणं, गुडघे न वाकवता हात जमिनीला, एक पाय मागे, मान वर, दुसराही पाय मागे, कंबर वर, मग अष्टांग, मग छाती वर, आणि तिथून त्याच वाटेनं परत. दोन खुणा त्या पद्धतीच्या खास. एकदा टेकलेले तळहात नमस्कार संपत येईपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. आणि अष्टांगात कपाळ, छाती, गुडघे, चवडे टेकले तरी पोट आणि कंबर जमिनीला लागू द्यायची नाही. दुसरी खूण करून पाहा. पोट आत खेचून अधांतरी धरल्याशिवाय ते जमत नाही, आणि तिथेच सगळी कसरत आहे. घाईत घालणारे इथेच सपाट पडतात.

स्वतः बाळासाहेब रोज तीनशे घालत. राणीसाहेब घालत, मुलं घालत. बायकांनी नमस्कार घालावेत, असा त्यांचा आग्रह होता आणि पुस्तकांतून त्यांनी तो मांडला. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. नवसात यजमानाच्या जागी ब्राह्मण चालत असे, इथे राजालाही स्वतः वाकावं लागत होतं. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. बीजमंत्र त्यांनी सोडले नाहीत, पण त्यांचा खुलासा बदलला: ह्रां, ह्रीं या उच्चारांनी छाती, घसा, मेंदू यांत कंपनं उठतात आणि ती आरोग्याला हितकर असतात. देवाला घातलेली साद शरीरशास्त्रात आणून बसवली. हा खुलासा कितपत टिकतो ते राहू द्या. मंत्र न म्हणणाऱ्यांना आत घ्यायची वाट त्यातून मोकळी झाली, हे मात्र खरं.

१९२८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याच्या नावात तीन लाभ सांगितले होते: आरोग्य, कार्यक्षमता आणि दीर्घायुष्य. पहिला आणि तिसरा लाभ प्रस्कण्व ऋषींनाही कळला असता. दुसरा मात्र कारखान्याच्या भोंग्याचा काळ सांगतो. कावीळ जावी म्हणून सूर्यापुढे वाकणाऱ्या माणसाला 'कार्यक्षम' व्हायचं नव्हतं, त्याला फक्त बरं व्हायचं होतं. १९३६ साली बाळासाहेब विलायतेला गेले. 'न्यूज क्रॉनिकल' दैनिकातल्या लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी अडुसष्टीच्या घरातल्या या संस्थानिकाची तब्येत पाहून लेख लिहिले आणि वाचकांनी ते उचलून धरले. १९३८ साली बाईंनीच संपादलेलं पुस्तक लंडनहून निघालं, दहा पायऱ्यांच्या आरोग्यमार्गाचं. दहा पायऱ्या म्हणजे औंधच्या दहा स्थिती.

१९३९ साली याच राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला, त्यात आप्पासाहेब पंत या मुलाचा पुढाकार होता. पुढे भारताचे राजदूत झालेल्या आप्पासाहेबांनी सूर्यनमस्कारावर स्वतःचं पुस्तक लिहिलं. बाळासाहेब १९५१ साली, ब्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. आणि दीर्घायुष्याचाच दाखला हवा असेल तर औंधलाच वेदांचं काम करत बसलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर होते. जन्म १८६७, मृत्यू १९६८; शंभरी पुरी केली. नमस्कारानंच केली असं मी म्हणणार नाही. एवढ्यातेवढ्या आहारावर, नेमानं आणि मन लागेल अशा कामात जगणाऱ्या माणसाच्या आयुष्याचं श्रेय एकट्या नमस्काराला देणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय.

औंधबाहेर ही पद्धत पसरली तेव्हा तिच्यात जो तो आपली भर घालू लागला. बडोद्याहून निघालेल्या मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशाच्या काळापर्यंत मराठीत देशी व्यायामाचं लेखन पुष्कळ झालं होतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. तिकडे म्हैसूरला योगशिक्षक कृष्णमाचार्यांच्या शिष्यांमार्फत नमस्कार आसनांच्या मालिकेत शिरला आणि तिथून अमेरिकेला गेला. ऋषिकेश आणि मुंगेरच्या परंपरेत हात वर करून मागे वाकणं सुरुवातीला आणि शेवटी जोडलं गेलं. दहाच्या बारा स्थिती झाल्या. बारा स्थिती आणि सूर्याची बारा नावं अशी जोडी मग आपोआप जमली. पूर्वी बारा नावं म्हणजे बारा नमस्कार. आता काही ठिकाणी एकाच नमस्कारात बाराही नावं उरकतात. बाळासाहेबांना हे चाललं नसतं.

हसनाबादला हा नमस्कार कसा आला? समर्थांकडून सरळ आला नाही, हे नक्की. हे गाव निजामाच्या राज्यातलं, औरंगाबाद जिल्ह्यातलं. १९४८ पर्यंत सरकारी शिक्षण बहुतांशी उर्दूतून. औंधच्या शाळेतला तास इथे यायला मधे सरहद्द होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि शारीरिक शिक्षणाच्या मास्तरांबरोबर, तक्त्यांबरोबर औंधचा नमस्कार पूर्णेच्या खोऱ्यात उतरला. समर्थ जांबहून निघाले आणि त्यांची कर्मभूमी झाली ती सातारा-चाफळची. तीनशे वर्षांनी नमस्कार सातारच्या बाजूनं जालन्याकडे आला. इथं आल्यावर त्याला समर्थांचं नाव मिळालं, ते बरोबरच आहे. नवस इथलाच होता.

पण नवसाबरोबर आकड्याचाही वारसा आला, आणि तो काही सुटत नाही. टाकळीचे बाराशे, औंधचे तीनशे, घरोघरचे एकशे आठ. २०२२ च्या जानेवारीत देशाच्या स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त पंचाहत्तर कोटी नमस्कारांचा संकल्प झाला. विक्रमांच्या पुस्तकात नाव यावं म्हणून हजारो माणसं एका वेळी वाकतात. गंमत अशी, की २०१५ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी सरकारनं जो सर्वांसाठीचा आराखडा केला, त्यात सूर्यनमस्कार घेतला नव्हता. त्यावर तेव्हा वाद झाला, धर्माच्या अंगानं बरीच आदळआपट झाली. नवख्यांना तो जड जातो, असं एक कारण सांगितलं गेलं. कारण देणाऱ्यांच्या मनात काहीही असो, वाक्य खरं आहे. कमरेचं, गुडघ्याचं, रक्तदाबाचं दुखणं असणाऱ्याला, पोटुशीला तो विचारूनच करायला हवा.

ताओपंथी म्हातारेही मोजायचे, बरं का. सकाळी उठून दात एकावर एक छत्तीस वेळा वाजवायचे, तोंडात लाळ घोळवून ती तीनदा गिळायची, असे त्यांचे नेम होते. पण त्या मोजण्याला वरची हद्द होती. छत्तीस झाले की थांबायचं. उद्या बहात्तर करून शेजाऱ्याला मागे टाकायचं नव्हतं. आपल्या आकड्याला खालची हद्द असते, वरची नसते. नवसात ते ठीक होतं, कारण तिथे फेडायचं देवाचं ऋण होतं. मणक्याला नवस कळत नाही.

म्हणून रथसप्तमीला पोरांना मैदानावर उभं करणाऱ्या हसनाबादच्या आणि आसपासच्या मास्तरांना एक विनंती. यंदा आकड्याची स्पर्धा ठेवू नका. बाराच घालून घ्या, पण सावकाश. आणि प्रत्येक पोराजवळ जाऊन अष्टांगाच्या वेळी पोट जमिनीपासून सुटलंय का, ते बघा.